दानशूर भागोजीशेठ कीर : व्यवसाय आणि समाजऋण

व्यापार-उद्योगातून मिळणाऱ्या नफ्यावर समाजाचाही काही हक्क असतो, हे तत्त्व आज कायद्याने मान्य केले आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. परंतु असे कोणतेही बंधन नसताना, स्वकष्टार्जित धन समाजाच्या पायाशी वाहणारा एक थोर व्यावसायिक आपल्या रत्नागिरीच्या मातीत होऊन गेला. त्यांचे नाव दानशूर भागोजीशेठ कीर.

भागोजीशेठांचा जन्म १८६७ साली रत्नागिरीत भंडारी समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. परिस्थितीमुळे शालेय शिक्षण फारसे घडले नाही. त्या काळी कोकणातील होतकरू तरुणाला मुंबई हाच आधार असे आणि तेथे जाण्याचा मार्ग म्हणजे समुद्र. भागोजीही लहान वयातच मुंबईस गेले. सुतारकामापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे शापूरजी पालनजी या नामांकित बांधकाम पेढीशी त्यांचा संबंध आला आणि प्रामाणिकपणा, कामाची जाण व अखंड परिश्रम यांच्या बळावर ते एक यशस्वी ठेकेदार म्हणून नावारूपास आले. वाढत्या मुंबईत इमारतींना मागणी होती. त्या संधीचे त्यांनी सोने केले.

धन मिळाले, पण गरिबीची आठवण पुसली गेली नाही. दादर-माहीम परिसरात वस्ती वाढत होती. अशा वस्तीत गरिबाघरी मृत्यू घडला, म्हणजे दुःखाबरोबरच अंत्यविधीची विवंचनाही उभी राहते. भागोजीशेठांनी पुढाकार घेऊन समुद्रकिनारी हिंदूंसाठी स्मशानभूमी उभारून दिली. शिवाजी पार्कनजीकची ही स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते व तेथे त्यांचा पुतळा आहे. ज्या दानाची परतफेड घेणारा करू शकत नाही, असे हे दान होय.

जन्मभूमीलाही ते विसरले नाहीत. रत्नागिरीच्या किल्ला भागातील श्रीभागेश्वराचे मंदिर ही त्यांच्याच भक्तीची साक्ष आहे. तथापि मंदिर बांधणे आणि मंदिरात समान मान मिळणे, यांत त्या काळी मोठे अंतर होते. ब्राह्मणेतर यजमानास वेदोक्त विधींचा अधिकार नाकारला जात असे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस तर देवळाची पायरीही वर्ज्य होती. ज्याच्या पैशाने देऊळ उभे राहावे, त्यालाही जन्माच्या आधारे कमी लेखले जावे, अशी ती समाजरचना होती.

याच सुमारास स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९२४ ते १९३७ या काळात त्यांना जिल्ह्याबाहेर जाण्यास व राजकारणात भाग घेण्यास मनाई होती. म्हणून त्यांनी आपली शक्ती अस्पृश्यतानिवारणाकडे वळविली. जुन्या मंदिरांतील प्रवेशासाठी खटपट सुरू होती आणि तिला विरोधही होता. तेव्हा सर्व जातींच्या हिंदूंना समान अधिकाराने पूजा करता येईल असे स्वतंत्र मंदिरच उभारावे, असा विचार पुढे आला. त्याचा आर्थिक भार भागोजीशेठांनी उचलला. १० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी लक्ष्मीनारायणाचे पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. पुढे याच मंदिरात विविध जातींची सहभोजनेही झाली.

या दानाचे मोल केवळ रुपयांत करता येणार नाही. सर्वमान्य कार्यास देणगी दिली असता प्रतिष्ठा वाढते. परंतु रूढीविरुद्धच्या कार्यास साहाय्य केल्यास रोष पत्करावा लागतो. व्यावसायिकाला तर चारही दिशांचे संबंध सांभाळावयाचे असतात. आपल्या नावलौकिकाची चिंता न करता भागोजीशेठ या कार्यामागे उभे राहिले, हेच त्यांचे खरे मोठेपण. स्वतःस जे सोसावे लागले ते पुढील पिढीस सोसावे लागू नये, ही त्यामागील भावना होती.

कालांतराने भागोजीशेठांचे निधन झाले. रत्नागिरीतील विधी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पतितपावन मंदिरास नव्वदहून अधिक वर्षे झाली, तरी त्याचे दार सर्वांना उघडे आहे. अलीकडे शाश्वत विकास हा शब्द वारंवार ऐकू येतो. देणारा गेल्यावरही जे कार्य लोकांच्या उपयोगी पडत राहते, तेच खरे शाश्वत.

आपल्या पेढ्या लहान असोत वा मोठ्या, कायद्याचे २ टक्के त्यांना लागू असोत वा नसोत, वर्षअखेरीस नफा-तोट्याचा ताळा मांडताना समाजाच्या नावचे एक खाते वहीत असावे. त्या खात्यातून देताना कोणाची अडचण सर्वांत मोठी आहे, हे प्रथम पाहावे. भागोजीशेठांच्या जीवनापासून व्यापारी बांधवांनी घ्यावयाचा बोध हाच आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!