त्रिकांमागील माणूस : योहान डोबेरायनर

दहावीच्या विज्ञानात डोबेरायनरची त्रिके आमच्यापैकी बहुतेकांनी पाठ केली. लिथियम, सोडियम, पोटॅशियम एवढे लिहिले की गुण मिळत. चिखली, मेहकर, लोणारकडील खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात आलेल्या आम्हां मुलांना त्या नावामागील माणूस मात्र फार उशिरा भेटला. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

योहान वोल्फगांग डोबेरायनर यांचा जन्म १७८० साली जर्मनीतील होफ गावाजवळ झाला. वडील घोडागाडी हाकीत. शालेय शिक्षण जेमतेम झाले आणि कोवळ्या वयातच ते एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस लागले. पुढे काढलेले व्यवसाय बुडाले. तथापि वाचन आणि प्रयोग त्यांनी सोडले नाहीत. १८१० मध्ये येना विद्यापीठाने या पदवी नसलेल्या माणसास रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. महाकवी गटे यांचा स्नेहही त्यांना तेथेच लाभला.

१८२१ च्या सुमारास त्यांनी प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीचा अभ्यास केला. तिच्या सान्निध्यात मद्यार्काचे हवेतील ऑक्सिजनने व्हिनेगरमधील आम्लात रूपांतर होई. भुकटी मात्र खर्ची पडत नसे. १८२३ मध्ये सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडताच तो पेटला. त्यावरून त्यांनी बनविलेला दिवा युरोपभर पसरला. परंतु त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

धातू तोच, मग भुकटीच एवढी प्रभावी का? क्रिया पृष्ठभागावर घडते म्हणून. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटरचे घन केले तर ते ६० होते. आज मिथेनॉलपासून वीज देणाऱ्या इंधनघटात प्लॅटिनमचे कण काही नॅनोमीटरचे असतात. तेथे आणखी एक गोष्ट आढळली : कण फारच लहान झाले, तर मिथेनॉलपासून बनणारा कार्बन मोनॉक्साइड त्यांना घट्ट चिकटतो आणि पृष्ठभागाच्या प्रत्येक भागाचे कार्य मंदावते. लहानपणालाही योग्य माप असते.

डोबेरायनर १८४९ मध्ये येना येथेच निवर्तले. यंदा दहावीस बसणाऱ्या मुलांनी त्रिके अवश्य पाठ करावीत. परंतु त्यांच्या कर्त्यास प्रयोगशाळेचे दार कोणीतरी पदवी न विचारता उघडले होते, हेही ध्यानी ठेवावे. आम्हांसही या शाळेने तसेच आत घेतले होते.