कॅप्टन जेम्स फोर्सिथ : गोळीचे गणित मांडणारा शिकारी

बासर, भैंसा, निर्मळ या आपल्या भागातल्या जुन्या घरांत शिकारीच्या गोष्टी अजून निघतात. त्या बहुतेक निजामाच्या मुलखातल्या. वर्धा नदीच्या पलीकडचा चांदा जिल्हा मात्र इंग्रजांच्या मध्य प्रांतात होता. हा प्रांत 1861 साली झाला आणि त्याच सुमारास तिथे जंगलखात्यात एक तरुण लष्करी अधिकारी आला. त्याचे नाव जेम्स फोर्सिथ. आघाताने उडणाऱ्या बंदुकीचा शोध लावणारे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ वेगळे. नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

जेम्स यांचा जन्म 1838 चा. बंगाल स्टाफ कोअरमध्ये ते कॅप्टन होते. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या हुकमाने त्यांनी सातपुड्यापासून अमरकंटकापर्यंतची जंगले पायाखाली घातली. पुढे निमाड जिल्ह्यात जमाबंदीचे काम केले. गोंड, कोरकू, बैगा यांच्या वस्त्यांतून ते राहिले. त्यांच्याविषयी लिहिताना मात्र साहेबी तोरा सुटला नाही, हेही सांगायला हवे.

शिकारी तर तेव्हा पुष्कळ होते. फोर्सिथ यांचे वेगळेपण असे, की त्यांनी बंदूक आणि गोळी यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्या वेळी वाद होता तो गोल गोळी घ्यावी की लांबट. लांबट गोळी जड असते आणि तिचा वेग दूरपर्यंत टिकतो. पण जड गोळीमागे जास्त दारू भरली तर खांद्याला धक्का सोसवत नाही. दारू कमी, म्हणून सुरुवातीचा वेग कमी. मग गोळी कमानीसारखी वर जाऊन खाली येते. अशा वेळी चितळ ऐंशी यार्डांवर आहे की सव्वाशेवर, हा अंदाज चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पायाला लागते. जखमी जनावर झाडीत शिरते आणि कुठेतरी तडफडून मरते. खरा प्रश्न हा होता.

फोर्सिथ यांनी गोल गोळीची बाजू घेतली. चौदा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या चौदा गोळ्या. म्हणजे एक गोळी सुमारे 32 ग्रॅमची. तिच्यामागे भरपूर दारू भरली की ती झपाट्याने सुटते आणि शंभर-सव्वाशे यार्ड जवळजवळ सरळ जाते. अडचण एकच. नळीच्या आतल्या वळणदार खाचा फार पिळाच्या असल्या, तर जोराने निघालेली मऊ शिशाची गोळी त्या खाचा सोडून घसरते. म्हणून पीळ अगदी सैल हवा, खाचा उथळ हव्यात, असा त्यांचा आग्रह. जंगलातल्या सांबर-चितळासाठी हे चोख होते. उघड्या माळावर दूर उभ्या असलेल्या काळविटाला मात्र गोल गोळी पुरी पडत नाही, कारण हवा तिचा वेग लवकर खाते. आपल्याकडचे रान दाट; तिथे दोनशे यार्डांची दृष्टी मिळतेच कुठे?

पुढे काडतुसाच्या बंदुका आल्या, मग धूर न करणारी दारू आली. हलकी लांबट गोळीही तुफान वेगाने जाऊ लागली आणि फोर्सिथ यांची सैल पिळाची नळी मागे पडली. कमान जितकी सपाट तितकी अंदाजाची चूक माफ, हा त्यांचा मुद्दा मात्र नव्या बंदुकांनाही लागू पडला. काळ्या दारूची हौस असणारे परदेशातले लोक त्यांचे पुस्तक अजून चाळतात.

प्रकृती खालावलेली होती. 1 मे 1871 रोजी लंडनमध्ये ते वारले. वय जेमतेम तेहतीस. मध्य भारताच्या डोंगरांवरचे त्यांचे मोठे पुस्तक त्यानंतर थोड्याच दिवसांत बाहेर आले. जंगले, जनावरे, रानातली माणसे सगळी त्यात आहेत.

1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली. पचमढीला त्यांनी बांधलेला बायसन लॉज मात्र उभा आहे. तिथे आता वनखात्याचे संग्रहालय आहे; सहलीला गेलात तर मुलांना घेऊन जरूर आत जा.