दाढेतली एक खाच आणि तिच्यापायी आयुष्य घालवणारा डॉक्टर ब्लॅक

मोबाईलचा टॉर्च लावा, आरशासमोर उभे राहा आणि आ करून खालची मागची दाढ बघा. तिचा वरचा भाग सपाट नसतो. मधोमध एक खाच असते, तिला दोन-तीन फाटे फुटलेले असतात, कुठेतरी सुईच्या टोकाएवढा खड्डा असतो. काहींची ही रेष काळी पडलेली दिसेल. काहींच्या तिथे आधीच चांदी किंवा सिमेंट भरलेलं असेल.

ही खाच बऱ्याचदा इतकी अरुंद असते की टूथब्रशचा एक केससुद्धा तिच्या तळाशी पोहोचत नाही. म्हणजे तुम्ही दिवसातून दोनदा, अगदी घड्याळ लावून दात घासले तरी तिथे अडकलेलं बिस्किट तिथेच राहतं. लहान मुलांच्या पक्क्या दातांना लागणारी कीड बहुतेक वेळा मागच्या दाढांमध्येच सापडते, त्याचं मोठं कारण ही खाच.

आता डेंटल कॉलेजमधल्या कुठल्याही मित्राला विचारा, क्लास वन कॅव्हिटी म्हणजे काय? तो झोपेतही सांगेल की खाचाखड्ड्यांतली कीड. हे क्लास वन, क्लास टू करणारा माणूस म्हणजे ग्रीन वार्डिमन ब्लॅक. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. पण गंमत अशी की या खाचेवर त्याने जो इलाज शिकवला, तो आज आपण आपल्या पोराच्या दाढेवर होऊ देणार नाही. आणि तरीही त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. कसं, ते बघू.

३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ग्रीनचा जन्म झाला. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही. रानात भटकणं, झाडं, प्राणी बघत बसणं हा त्याचा आवडता उद्योग. सतरा वर्षांचा झाल्यावर तो क्लेटन गावी मोठ्या भावाकडे गेला. भाऊ थॉमस डॉक्टर होता. त्याच्या हाताखाली ग्रीन औषधं आणि शरीरशास्त्र शिकायला लागला.

१८५७ मध्ये त्याची गाठ जे. सी. स्पीअर नावाच्या दंतवैद्याशी पडली आणि पोरगा तिकडे वळला. थोडे दिवस स्पीअरकडे काम शिकला आणि विंचेस्टरला येऊन स्वतःचा दवाखाना थाटला. एवढ्यावर डेंटिस्ट? हो, तेव्हा असंच चालायचं. बाल्टिमोरमध्ये १८४० सालीच डेंटल कॉलेज निघालं होतं, पण बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली शिकूनच तयार व्हायचे. आपल्याकडे गॅरेजवर हेल्पर म्हणून लागलेला पोरगा दोन वर्षांत मेकॅनिक होतो ना, तसंच.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्लॅक उत्तरेच्या बाजूने लढायला गेले, टेहळणीचं काम करायला लागले. त्यात गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि कित्येक महिने इस्पितळात काढावे लागले. त्याच सुमारास पहिली बायको वारली. १८६४ मध्ये त्यांनी विंचेस्टर सोडलं आणि जवळच्याच जॅक्सनव्हिल गावात नव्याने दवाखाना सुरू केला.

ब्लॅक खरे घडले ते या गावात. वय अठ्ठावीस, पदवी नाही, आजूबाजूला प्रयोगशाळा नाही. दिवसा रुग्ण आणि रात्री अभ्यास. रसायनशास्त्र शिकले. मायक्रोस्कोपवर बसायला लागले. जर्मनीतलं नवं संशोधन वाचता यावं म्हणून जर्मन शिकले. स्वतःच्या कामासाठी पायाने चालवायचं ड्रिल बनवलं. शिलाई मशीनसारखं पाय मारत राहायचं आणि वर हातात सुई फिरणार. जो माणूस कधी डेंटल कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसला नाही, तो पुढे डेंटल कॉलेजात शिकवायला जाऊ लागला. पदवी मिळाली ती नंतर, मानाची.

त्या काळी दात का किडतात याचं दंतवैद्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं. काहींचे दात मुळातच मऊ असतात, म्हणून किडतात. हे वाक्य आजही आपल्या घराघरात ऐकू येतं. आमच्या खानदानातच दात मऊ, असं सांगणारी एक तरी मावशी असतेच. ब्लॅक यांनी हे खरंच मोजून बघायचं ठरवलं. काढलेले दात घेऊन त्यांची घनता, ताकद, त्यातल्या क्षारांचं प्रमाण असं सगळं तपासलं. १८९५ मध्ये निष्कर्ष छापला. किडलेले दात आणि न किडलेले दात यांच्यात असा काही फरकच सापडला नाही, ज्याने कीड समजावून सांगता येईल. म्हणजे दोष दाताच्या मालात नव्हता. तो दाताच्या भोवती काय घडतं यात होता.

काय घडतं, हे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिलं होतं. तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थ खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताचं वरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळवतं. ब्लॅक यांनी यात भर घातली. हे जिवाणू एका चिकट, बुळबुळीत थरात दाताला धरून बसतात, आणि आम्लाचा मारा बरोबर त्या थराखालीच होतो. हाच तो प्लाक, ज्याचं नाव टूथपेस्टच्या जाहिरातीत रोज ऐकतो.

या नजरेने दाढेकडे बघितलं की खाच म्हणजे काय हे कळतं. ती थराला बसायला मिळालेली आयती जागा आहे. जीभ पोहोचत नाही, गाल पोहोचत नाही, घास चावताना घासलं जात नाही.

१८९१ मध्ये ब्लॅक शिकागोला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेंटल स्कूलमध्ये प्राध्यापक झाले, १८९७ मध्ये डीन. याच वर्षांत त्यांनी दात भरण्याच्या कामाला शिस्त लावली. तोवर चांदी, म्हणजे पाऱ्यात कालवलेली धातूची पूड, प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने बनवायचा. कुणाची फुगायची, कुणाची आकसायची. आकसली की कडेला फट आणि फटीत पुन्हा कीड. ब्लॅक यांनी चांदी किती फुगते, किती आकसते हे मोजायची उपकरणं बनवली आणि बेताचं मिश्रण शोधून ते छापलं. माणूस किती जोराने चावतो, हे मोजायचं यंत्रही बनवलं. मोजल्याशिवाय त्यांचं समाधानच व्हायचं नाही.

आणि मग तो इलाज. ब्लॅक यांच्या लक्षात आलं होतं की डेंटिस्ट फक्त किडलेला ठिपका कोरून भरतात, शेजारची खाच तशीच राहते, आणि दोन-चार वर्षांत भरलेल्या भागाच्या कडेनेच कीड परत येते. रुग्ण पुन्हा खुर्चीत. असं होत होत शेवटी दाढ काढायची वेळ. म्हणून त्यांनी नियम घातला. कोरायला घेतलंत की किडलेल्या भागापाशी थांबू नका. कीड पुन्हा धरेल अशा सगळ्या खाचा, निरोगी असल्या तरी, कोरून टाका. भरावाची कड अशा जागी न्या जिथे ब्रश, जीभ आणि घास पोहोचतो. कीड येऊ नये म्हणून भराव वाढवायचा, असं त्याचं सूत्र. सोबत अजून एक अडचण होती. चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून आत सरळ भिंतींचा डबा कोरावा लागतो, म्हणजे आणखी दात गेला.

वाचून कसंतरी होतं. त्यात १८९० च्या दशकात आजच्यासारखं बधिर करण्याचं सोयीचं इंजेक्शन नव्हतं आणि पायाने फिरणारं ड्रिल काही क्षणात काम उरकणारं नव्हतं. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. एकीकडे थोडी निरोगी दाढ, दुसरीकडे अख्खी दाढ. खाच बंद करेल असा चिकटणारा पदार्थ अस्तित्वातच नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसलेलो असतो तर बहुधा कोरा म्हटलं असतं.

खुद्द ब्लॅक यांना हा शेवटचा इलाज वाटत नव्हता. आपल्या विद्यार्थ्यांच्या हयातीतच दंतवैद्यक दुरुस्तीचं काम सोडून प्रतिबंधाकडे वळेल, असं ते सांगायचे. १९०८ मध्ये त्यांचा दात भरण्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि जगभरच्या कॉलेजांत कोरायचे नियम पोहोचले.

पुढच्याच वर्षी, वय बहात्तर-त्र्याहत्तर, ते एका वेगळ्याच भानगडीत पडले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट होता. त्याला गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते आणि कुणी त्याचं ऐकून घेत नव्हतं. ब्लॅक यांनी ऐकलं, तिथे जाऊन आले, आणि मरेपर्यंत त्या डागांचा पिच्छा पुरवला. दोघांना एक अजब गोष्ट दिसली. हे दात दिसायला खराब, पण त्यांना कीड फारशी लागत नव्हती. संशय पाण्यावर होता. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी शिकागोत ब्लॅक वारले, तेव्हा कोडं सुटलेलं नव्हतं. ते १९३१ मध्ये सुटलं. पाण्यात जास्त फ्लोराईड होतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे दात डागाळतात, तोच प्रकार. बेताच्या प्रमाणात मात्र फ्लोराईड दात वाचवतं, म्हणून ते आज टूथपेस्टमध्ये आहे.

पण फ्लोराईडचा फायदा दाताच्या गुळगुळीत बाजूंना जास्त होतो. खाचेला कमी. म्हणजे ब्लॅक यांची खाच तशीच राहिली!

त्यांच्यानंतरच्या लोकांनी तर त्यांच्याही पुढे मजल मारली. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या थॅडियस हायट यांनी सुचवलं की कीड लागायची वाटच बघू नका, नवी दाढ आली की खाच कोरा आणि भरून टाका. हेतू चांगला, पण कीड नसलेल्या मुलाच्या तोंडात ड्रिल.

सुटका झाली ती रंगाच्या धंद्यातल्या एका युक्तीमुळे. मायकेल ब्युनोकोर यांचा जन्म १९१८ चा, ब्लॅक जाऊन तीन वर्षं झाल्यावरचा. रॉचेस्टरमध्ये संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं की कारखान्यात धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच इनॅमलवर करून बघितलं. आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग बारीक खरखरीत होतो, त्या सूक्ष्म छिद्रांत पातळ रेझिन शिरतं आणि कडक झालं की पकडून बसतं. हे १९५५ मध्ये छापून आलं. ज्या आम्लाच्या माऱ्याने दात किडतो असं मिलर आणि ब्लॅक सांगत होते, तसलंच आम्ल क्षणभर, मोजून वापरलं आणि दाताला चिकटणारा पदार्थ मिळाला. १९६७ मध्ये ब्युनोकोर आणि त्यांच्या सहकाऱ्याने खाचा बंद करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९७० च्या दशकात सीलंट दवाखान्यात पोहोचलं.

आज हे काम एका दाढेला काही मिनिटांत होतं. दाढ साफ करतात, आम्लाची जेल थोडे सेकंद लावतात, धुतात, नीट कोरडी करतात, पातळ रेझिन खाचेत सोडतात आणि निळ्या लाईटने कडक करतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. कोरडी करणं हाच यातला कळीचा मुद्दा. लाळ लागली की पकड जाते, म्हणून डेंटिस्ट पोराला सारखं तोंड उघडं ठेव म्हणून सांगत असतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेच्या म्हणण्यानुसार सीलंटमुळे मागच्या दातांतली सुमारे ८० टक्के कीड दोन वर्षं टळते आणि चार वर्षांपर्यंत हे प्रमाण ५० टक्के राहतं. सीलंट झिजतं, कधी तुकडा निघतो. म्हणून तपासणीला गेलात की ते शाबूत आहे का एवढं विचारायचं, नसेल तर पुन्हा लावता येतं. ब्रश मात्र सुटत नाही, कारण दोन दातांच्या मधल्या फटीत सीलंट जात नाही.

वेळ कोणती? पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षी. यात एक मोठा घोटाळा होतो. सहाव्या वर्षीची दाढ कुठलाही दुधाचा दात न पाडता, सगळ्यात मागे गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं हाही दुधाचाच दात, किडला तरी पडणारच आहे. तो पडत नाही, तो जन्मभराचा असतो. पहिलीतल्या पोराला दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एखादी नवी दाढ दिसते का, हे आज रात्री टॉर्च लावून बघाच.

शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये ब्लॅक यांचा पुतळा १९१८ पासून आहे. त्यांचं डेंटल स्कूल २००१ मध्ये बंद झालं. त्यांचे क्लास वन, क्लास टू अजून शिकवतात, पण निरोगी खाच कोरायचा नियम आता शिकवत नाहीत. उलट खाचेत कीड नुकती सुरू झाली असेल आणि भोक पडलेलं नसेल, तर डेंटिस्ट कित्येकदा तीही न कोरता सीलंटखाली बंद करून टाकतात. खाणं मिळेनासं झालं की आतले जिवाणू थंडावतात आणि कीड पुढे सरकायची थांबते.