माथाडींचे अण्णासाहेब आणि कळंबोलीचे लोखंड

शीव-पनवेल महामार्ग, पुण्याचा द्रुतगती मार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा रस्ता, हे सारे कळंबोलीला एकमेकांना भेटतात. या चौकातून रोज जाणाऱ्या हजारो मोटारींतील प्रवाशांना कळंबोली म्हणजे वाहतुकीची कोंडी एवढेच ठाऊक असते. थोडे आत वळले की लोखंडाचे शहर लागते. सळया, गर्डर, अँगल, पत्र्यांची भेंडोळी, ट्रेलरच्या रांगा, क्रेनची घरघर आणि टायरवाल्यांची दुकाने. येथे जमीन मूळची आगरी शेतकऱ्यांची, गाळे कच्छी, मारवाडी आणि पंजाबी व्यापाऱ्यांचे, स्टिअरिंग पंजाब, उत्तर प्रदेश आणि बिहारच्या चालकांच्या हाती. आणि ज्याच्या खांद्यावरून पिढ्यान्‌पिढ्या हे लोखंड उतरले, तो माथाडी बहुतांशी सातारा-पाटणच्या डोंगरांतला. या माणसांना एका आवारात आणून बसवणाऱ्या शहररचनेचे श्रेय सिडकोचे. परंतु त्यांच्यातील सर्वांत तळच्या माणसाला नाव, नोंद आणि पगाराचा कागद मिळाला तो एका हमालाच्या खटपटीमुळे. त्यांचे नाव अण्णासाहेब पाटील.

कळंबोलीचा बाजार भरात आलेला अण्णासाहेबांनी पाहिला नाही. २३ मार्च १९८२ रोजी ते गेले, तेव्हा मुंबईचे लोखंड अजून दारूखाना आणि कर्नाक बंदर येथेच उतरत होते. तरीही या वसाहतीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे या गावी झाला. ढेबेवाडीच्या बाजूचा हा मुलूख पावसाने भरलेला आणि जमिनीने कंगाल. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीने वर्ष निघत नसे. त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईत असणे हा तेथील संसाराचा नियमच होता. याच तालुक्यात पुढे कोयनेचे धरण बांधले गेले, त्याच्या विजेवर मुंबईचे कारखाने उजळले. धरणाच्या पाण्याने किती गावांना उठवले, हे पाटणकरांना सांगावे लागत नाही. खोऱ्याने शहराला वीजही दिली आणि डोकीही दिली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तरुण अण्णासाहेबही याच वाटेने मुंबईस आले आणि हमालीला लागले. त्या काळचा मशीद बंदर-मांडवीचा परिसर डोळ्यांपुढे आणल्याखेरीज त्यांचे पुढचे कार्य समजणार नाही. गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या या अरुंद गल्ल्यांत धान्य, मसाले, सुकामेवा, साखर, कापड, लोखंड असे सारे उतरत असे. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील भीषण स्फोटाने हा भाग होरपळून निघाला होता, पण बाजार पुन्हा तेथेच उभा राहिला. पेढ्यांवर कच्छी, भाटिया, मेमन, बोहरी आणि खोजा व्यापारी. हातगाडीला उत्तर प्रदेशातून आलेले मजूर. इमारतींच्या कामावर तेलुगू कामाठी. जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायलींचे १७९६ सालचे सिनेगॉग, ज्यावरून मशीद स्थानकाला नाव मिळाले असे बरेच जण मानतात. (याच मराठीभाषक ज्यूंचे एक जुने प्रार्थनास्थळ पनवेलमध्येही आहे. कोकण आणि मुंबई यांचे नाते असे कुठे कुठे निघते.) या सगळ्या गर्दीत डोक्यावर चुंबळ, कमरेला आकडा आणि पाठीवर क्विंटलभराचे पोते घेऊन पळणारा तो माथाडी. माथ्यावर ओझे वाहणारा, म्हणून माथाडी.

याचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर नसे. गिरणीतला कामगार निदान गिरणीचा तरी असे, माथाडी कोणाचाच नसे. आज या पेढीवर, उद्या त्या गाळ्यावर. मजुरी नगावर, म्हणजे पोत्यागणिक किंवा टनावर. ती मुकादमाच्या हाती पडणार, आणि त्यातून टोळीला किती मिळणार ते मुकादमाच्या मर्जीवर. ट्रक आला नाही तर मजुरी नाही. मणका गेला तर गावाकडे परत. रजा, भविष्यनिर्वाह निधी, बोनस हे शब्द गोदीच्या भिंतीपलीकडचे. व्यापाऱ्याला विचारावे तर हे आमचे नोकर नव्हेतच, असे उत्तर मिळे, आणि कायद्याच्या भाषेत ते खरेही होते. कारखान्यांचे सारे कायदे मालक कोण या प्रश्नापासून सुरू होत. येथे एका हमालाचे दिवसाला पाच मालक असत, म्हणजे एकही नसे. लोखंडाच्या बाजारातील टोळ्यांना जथा म्हणत. त्यांचे काम तर अधिक जोखमीचे. सळईचा भारा खांद्यावरून घसरला की बोटे जात, पाय जात.

राहायला गावकीची खोली. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपत, एखाद्या मावशीच्या खानावळीत जेवत. खोली गावाची, टोळीही बहुधा गावाची. ही रचना माणसाला सांभाळून घेत असे आणि त्याच वेळी एका टोळीला दुसऱ्या टोळीपासून तोडतही असे. व्यापाऱ्यांना दर पाडायचा झाला की एका गावची टोळी नाकारून दुसऱ्या गावची बोलावणे पुरेसे होई.

साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अण्णासाहेबांनी या विखुरलेल्या टोळ्या एकत्र बांधायला घेतल्या. त्यांच्या संघटनेचे पुढे महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन असे लांबलचक नाव झाले. बाजारात मात्र ती अण्णासाहेबांची युनियन म्हणूनच ओळखली गेली. ते स्वतः हमाली केलेले असल्याने गाळ्याचा मेहता कोठे वजन मारतो आणि मुकादम कोठे पैसे मारतो, हे त्यांना ऐकीव माहितीवरून शिकावे लागले नाही. बाहेरून आलेला वकील-पुढारी आणि टोळीतून वर आलेला पुढारी यांतला हा फरक आहे. त्या काळच्या मुंबईत दोन्ही जातींचे पुढारी होते. अण्णासाहेब दुसऱ्या जातीचे.

मोर्चे झाले, संप झाले, बाजार बंद पडले. दरवाढ मिळे आणि पुन्हा पुढच्या हंगामात तोच झगडा. अण्णासाहेबांचे मोठेपण असे की दरवाढीपाशी ते थांबले नाहीत. मालक सापडत नसेल तर मालकाच्या जागी काहीतरी उभे करावे लागेल, ही मागणी त्यांच्या चळवळीने लावून धरली. सरकारने समिती नेमून या असंघटित मजुरांची स्थिती तपासली आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

हा कायदा कसा चालतो, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण त्याची युक्ती अजब सोपी आहे. प्रत्येक व्यवसायासाठी एक मंडळ. त्यावर व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारानेही करायची. टोळीने महिनाभर जे काम केले त्याची मजुरी व्यापारी मंडळात भरणार आणि त्याशिवाय मजुरीच्या काही टक्के लेव्ही. मजुरी मंडळ कामगाराला देणार. लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचे पैसे, औषधोपचार. एका झटक्यात पाच मालकांचा प्रश्न मिटला, कारण कामगाराच्या हिशेबाची वही आता एकाच ठिकाणी होती. किराणा, कापड, लोखंड व पोलाद अशी मंडळे एकामागून एक झाली. जगात इतरत्र गोदी कामगारांसाठी अशा योजना होत्या, मुंबईच्या गोदीतही होती. परंतु रस्त्यावरच्या, बाजारातल्या सुट्या हमालाला ती छत्री देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या कायद्यात प्रांत नाही, धर्म नाही, जात नाही. ओझे वाहणाऱ्याची नोंद, एवढेच. पाटणचा मराठा, जुन्नर-आंबेगावचा माळकरी, गोदीत घाम गाळणारा मुसलमान आणि हातगाडी ओढणारा परप्रांतीय यांना एकाच वहीत बसवण्याची सोय त्या कागदात होती. प्रत्यक्षात ती किती झाली, हा निराळा प्रश्न. टोळ्या गावाच्याच राहिल्या. टोळीतली जागा बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि नव्याने आलेल्या मजुराला आत शिरणे अवघड झाले. आजही बाजारात नोंदलेला माथाडी आणि त्याच्याच शेजारी निम्म्या दराने काम करणारा बिननोंदीचा मजूर दिसतो. हा दोष कायद्याचा की आपल्या गावकीचा, याचे उत्तर देणे सोपे नाही.

अण्णासाहेब पुढे काँग्रेसच्या वतीने विधान परिषदेवर गेले. माथाडींच्या घरांचा, औषधपाण्याचा, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न ते मांडत राहिले. याच काळात मुंबईतून घाऊक बाजार हलवण्याचे वारे जोरात होते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली होती आणि खाडीपलीकडे नवे शहर आखले जात होते. बाजार हलला तर टोळ्यांचे काय, ही माथाडींची रास्त भीती होती. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेला आणि मागून इतर बाजारही गेले.

आणि मग १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि गिरणगावातील चुली हळूहळू थंडावत होत्या. अण्णासाहेबांच्या मनात मात्र वेगळी आग होती. मंडल आयोगाचा अहवाल येऊन गेला होता. आपल्या डोंगरातला मराठा, ज्याच्याकडे जमीन नावापुरती आणि डोक्यावर पोते आहे, त्याला शिक्षणात आणि नोकरीत काहीच आधार नाही, ही खंत त्यांना सतावत होती. मराठा समाजातील गरिबांसाठी आर्थिक निकषावर आरक्षण, ही मागणी घेऊन २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत विधान भवनावर प्रचंड मोर्चा नेला. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. मागणी पदरात पडली नाही. समाजाला दिलेला शब्द आपल्याच पक्षाच्या सरकारकडून पुरा करून घेता आला नाही, हे शल्य त्यांना सहन झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले जीवन संपवले. वय अवघे ४८.

या अंताकडे अनेकांनी केवळ समाजासाठीचे बलिदान म्हणून पाहिले आणि चार दशकांनंतर आरक्षणाच्या प्रत्येक आंदोलनात त्यांचे चित्र अग्रभागी असते. १९९८ मध्ये त्यांच्या नावाने राज्य सरकारचे आर्थिक मागास विकास महामंडळही स्थापन झाले. ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखकाला वाटते की या तेजात त्यांचे पहिले आयुष्य झाकोळले गेले आहे. ज्या माणसाने जात न विचारणारा कायदा घडवून आणला, त्यानेच शेवटी जातीच्या नावाने मोर्चा काढला, यात काहींना विसंगती दिसते. पण तो मोर्चा निघाला होता तो गावकीच्या त्याच कोंदट खोलीतून. पोते उचलणाऱ्याच्या मुलाला पोते उचलावे लागू नये, ही इच्छा मंडळाच्या लेव्हीने पुरी होणारी नव्हती. कायद्याने हमालाला प्रतिष्ठा दिली, पण हमालीतून बाहेर पडण्याची वाट दिली नाही. त्यांना हे बहुधा इतरांच्या आधी दिसले.

त्यांच्या पश्चात दारूखान्याचे लोखंड ट्रकांवर लादून कळंबोलीला आले. येथे येताना टोळ्या सोबत आल्या, मंडळाची नोंद सोबत आली. ज्या आगरी शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर हे गाळे उभे राहिले, त्यांचाही एक लढा याच पट्ट्यात झाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे प्रकल्पग्रस्त रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण आले. म्हणजे कळंबोलीत जमिनीचा हक्क एका पाटलांच्या लढ्याने आणि श्रमाचा हक्क दुसऱ्या पाटलांच्या लढ्याने आला. दोघांचे अनुयायी आज एकाच भाजी मंडईत खरेदी करतात, एकमेकांच्या गणपतीला जातात. भाषा दोघांची मराठी, पण आगरी बोलीतला हेल आणि पाटणची घाटी बोली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंना हसू फुटते. चालकांच्या ढाब्यांवर या दोन्हींत पंजाबी आणि भोजपुरीची भर पडते.

आता लोखंड खांद्यावर क्वचितच चढते. पत्र्याचे वीस टनांचे भेंडोळे क्रेनच उचलणार, तेथे माणसाचे काम आकडा अडकवणे आणि साखळी सोडवणे एवढेच उरते. व्यापारी विचारतात की उचलले यंत्राने तर मजुरी आणि लेव्ही कसली? माथाडी म्हणतात की साखळी कोणी लावली? शिवाय माथाडीच्या नावाने काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी औद्योगिक वसाहतींतून येत राहिल्या आणि त्याची झळ खऱ्या माथाडीच्या लौकिकाला बसली. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले तेव्हा संघटनांनी कडाडून विरोध केला, कारण दुरुस्तीच्या नावाखाली छत्रीच मिटेल ही त्यांची धास्ती होती.

२५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो. मंत्री येतात, मागण्यांची यादी वाचली जाते. कळंबोलीहून, वाशीहून, मशीद बंदरहून टोळ्या येतात. जुने लोक पांढऱ्या टोपीत असतात, त्यांची मुले टी-शर्टात. काही मुले टोळीत आहेत, काही बँकेत, काही पनवेलच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन नोकरीच्या शोधात. मेळावा संपला की म्हातारे पुन्हा पाटणच्या एसटीची चौकशी करू लागतात.