उत्तरपत्रिकेतून माणूस वजा करणारा गणिती

सीईटीचे दिवस आले की कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. आमच्या शिफ्टला पेपर भयंकर अवघड होता, तुमच्या शिफ्टला सोपा, मग दोघांना एका तराजूत कसं तोलणार? परीक्षा घेणारे पर्सेंटाइल काढून मोकळे होतात. म्हणजे तुमच्याच शिफ्टमधल्या बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे उभे आहात, एवढंच कळतं. मूळ प्रश्न तसाच राहतो. शंभरपैकी साठ मार्क पडले, तर त्यात मुलाचा वाटा किती आणि पेपरचा किती?

डेन्मार्कमधल्या एका गणितज्ञाला हाच प्रश्न पडला, तोही परीक्षेमुळे नाही, तर वाचताना अडखळणाऱ्या मुलांमुळे. त्यांचं नाव गेऑर्ग राश. सायकॉलॉजी, एज्युकेशन किंवा स्टॅट्सच्या अभ्यासक्रमात ‘राश मॉडेल’ हे शब्द भेटले असतील, तर ते हेच.

राश यांचा जन्म 21 सप्टेंबर 1901चा, ओडेन्से शहरातला. परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसन यांचंही गाव हेच. वडील आधी समुद्रावर काम केलेले, नंतर शिक्षक झालेले, अतिशय धार्मिक. घरात वडिलांची त्रिकोणमितीची पुस्तकं होती आणि छोटा गेऑर्ग त्यातच रमायचा. पोराला गणिताची चटक लागली ती कायमची. 1919 साली तो कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला आणि 1930मध्ये गणितातली डॉक्टरेट मिळाली. विषय शुद्ध गणिताचा: मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स.

इथपर्यंत सगळं सरळ. पण डॉक्टरेट हातात पडली तेव्हा जगभर मंदी होती. गणिताच्या प्राध्यापकीची जागा काही मिळेना. मग पोटापाण्यासाठी राश सल्लागाराचं काम करू लागले. काही डॉक्टरांना आपल्या संशोधनापुरतं गणित शिकायचं होतं, ते शिकवता शिकवता त्यांची आकडेवारी राश यांच्यापुढे आली. ज्याला आपण प्लॅन बी म्हणतो, तसा संख्याशास्त्र हा त्यांचा प्लॅन बी होता. पुढे आयुष्यभराची ओळख त्याचीच झाली.

1935 साली ते लंडनला रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेले. फिशर म्हणजे त्या काळातलं संख्याशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. तिथून राश यांनी एक कल्पना उचलली: पर्याप्तता. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा आला. ते नाणं किती पक्षपाती आहे हे ठरवायला ‘सात’ हा आकडा पुरतो, छापा कितव्या फेकीला आला याची वही ठेवायची गरज नाही. सगळी माहिती एका बेरजेत मावते. लंडनमध्येच ज्युलियन हक्सली यांचं खेकड्यांच्या वाढीवरचं कामही त्यांना भावलं. शंभर प्राण्यांची सरासरी काढण्याऐवजी एकेका प्राण्याच्या वाढीचा नियम शोधायचा, हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी लसी बनवणाऱ्या सरकारी सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं संख्याशास्त्राचं काम पाहिलं. ती वर्षं आपण उडी मारून पुढे जाऊ, कारण खरी गोष्ट सुरू होते 1950च्या आसपास.

वाचनात मागे पडलेल्या मुलांना डेन्मार्कमध्ये लहानपणी जादा शिकवणी मिळाली होती. तिचा पुढे उपयोग झाला का, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. दप्तरात नोंदी होत्या: अमुक वयाला अमुक उतारा वाचताना इतक्या चुका. अडचण अशी, की मूल मोठं झालं की उतारा बदलायचा, अवघड व्हायचा. दुसरीत सोप्या उताऱ्यात दहा चुका आणि चौथीत अवघड उताऱ्यात दहा चुका, तर पोरगं सुधारलं की जागच्या जागी राहिलं? वर्गाची सरासरी काढून इथे भागत नाही, कारण प्रश्न एकेका मुलाचा आहे.

राश यांनी गृहीत धरलं, की एक उतारा दुसऱ्यापेक्षा दुप्पट अवघड असेल, तर तो सगळ्यांनाच दुप्पट अवघड असावा. हुशाराच्याही चुका दुप्पट, कच्च्याच्याही दुप्पट. मग मुलांना दोन्ही उतारे वाचायला देऊन आकडे तपासले. गृहीतक बऱ्यापैकी टिकलं, आणि वेगवेगळ्या उताऱ्यांना एकाच पट्टीवर आणण्याचा रस्ता सापडला.

मग आलं सैन्य. डॅनिश लष्कराची भरतीसाठीची बुद्धिमापन चाचणी होती, आणि इथे उत्तर एकतर बरोबर किंवा चूक. या आकड्यांसाठी राश यांनी जे सूत्र बसवलं, तेच आजचं राश मॉडेल. प्रत्येक माणसाची एक क्षमता, प्रत्येक प्रश्नाची एक काठिण्यपातळी, दोन्ही एकाच पट्टीवर. दोन्ही सारख्या असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के. क्षमता एका एककाने, म्हणजे एका लॉजिटने, वर असेल तर सुमारे 73 टक्के, दोनने वर असेल तर सुमारे 88 टक्के. बस्स, एवढंच.

यात काय विशेष? आता पेन घ्या. एक मध्यम मुलगी आहे. प्रश्न अ तिला 80 टक्के वेळा येतो, प्रश्न ब 50 टक्के वेळा. फक्त अ बरोबर येण्याची शक्यता 0.8 गुणिले 0.5, म्हणजे 0.4. फक्त ब बरोबर येण्याची शक्यता 0.2 गुणिले 0.5, म्हणजे 0.1. गुणोत्तर चारास एक. आता एक कच्चा मुलगा घ्या. त्याला अ 50 टक्के वेळा येतो, ब 20 टक्के वेळा. फक्त अ: 0.5 गुणिले 0.8, म्हणजे 0.4. फक्त ब: 0.5 गुणिले 0.2, म्हणजे 0.1. पुन्हा चारास एक! टॉपरला घेतलं तरी, मॉडेल लागू असेल तर, हेच गुणोत्तर येणार.

म्हणजे दोनपैकी नेमका एकच प्रश्न ज्यांना आला, अशांना बाजूला काढा आणि त्यातल्या किती जणांना अ आला, किती जणांना ब, एवढं मोजा. प्रश्नांची तुलना झाली, आणि सोडवणारे हुशार होते की ढ, याने काडीचाही फरक पडला नाही. माणूस समीकरणातून चक्क गायब झाला. उलट बाजूने प्रश्नही असेच गायब करता येतात.

गंमत म्हणजे आपण केवढी मोठी गोष्ट केलीय, हे राश यांनाही लगेच उमगलं नव्हतं असं दिसतं. 1959 साली त्यांनी हे गणित नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांना दाखवलं. हेच फ्रिश पुढे 1969मध्ये अर्थशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे एक मानकरी ठरले. माणसाची क्षमता दाखवणारं पद सूत्रातून नाहीसं होताना पाहून फ्रिश थक्क झाले. त्यांचं ते थक्क होणं पाहून राश यांनी या एका गुणधर्माला आपल्या साऱ्या विचाराचा पाया केलं. शास्त्रीय तुलना म्हणजे काय, तर कुणाला वापरून तुलना केली यावर जी अवलंबून नसते ती, अशी त्यांची भूमिका ठाम होत गेली.

1960मध्ये त्यांचं पुस्तक कोपनहेगनमध्ये छापलं गेलं. त्याच वर्षी शिकागोत त्यांनी व्याख्यानं दिली. सुरुवातीला श्रोते बरे होते, पण हळूहळू गळती लागली आणि शेवटपर्यंत नेटाने टिकले ते बेंजामिन राइट. हा गृहस्थ मूळचा भौतिकशास्त्राचा, नंतर मानसशास्त्रात आलेला. मोजमाप म्हणजे काय हे प्रयोगशाळेत शिकलेला. बाकीचे उठून गेले त्याने काही बिघडलं नाही, कारण एकट्या राइट यांनी पुढची कित्येक वर्षं हे मॉडेल जगभर पोचवलं.

आणि इथे येतो कॉम्प्युटर. माणूस गायब करणारं गणित कागदावर देखणं, पण प्रश्न वाढले की त्यातल्या बेरजा-गुणाकारांचा डोंगर होतो, आणि तेव्हाची मशिन्स त्यात धापा टाकायची. 1969 साली राइट आणि नर्गिस पंचपकेशन या भारतीय संशोधिकेने मिळून एक व्यवहारी पद्धत प्रसिद्ध केली: माणसं आणि प्रश्न, दोघांचेही आकडे एकदमच काढायचे. लहान चाचणीत हे आकडे थोडे फुगतात, पण काम चालतं. दुसरीकडे कोपनहेगनमध्ये राश यांचे विद्यार्थी एर्लिंग अँडरसन (हे आडनाव तिकडे आपल्या पाटलांइतकं कॉमन) यांनी मूळ पद्धतीचा गणिती पाया पक्का केला.

आज हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर फुकटात होतं. ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा, त्यात व्हिएन्नात तयार झालेलं ‘ईआरएम’ पॅकेज टाका, वर्गाच्या टेस्टचा शून्य-एकचा तक्ता द्या आणि एक ओळ लिहा. प्रश्नांची काठिण्यपातळी हजर. ‘एलटीएम’ नावाचं दुसरं पॅकेजही हे करतं. पण प्रोजेक्ट करणारी बरीच मंडळी इथेच गडबडतात, कारण दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. घाबरू नका. ‘ईआरएम’ राश यांच्या मार्गाने माणूस वजा करतं आणि शून्य ठरवतं ते प्रश्नांच्या सरासरीवर. ‘एलटीएम’ विद्यार्थ्यांची क्षमता नॉर्मल कर्व्हवर पसरलीय असं धरतं आणि शून्य ठेवतं ते क्षमतेच्या सरासरीवर. शिवाय सगळ्या प्रश्नांना मिळून एक समान उतारही ते आपणहून काढतं, तो एक हवा असेल तर तसं सांगावं लागतं. आणि ‘ईआरएम’च्या अहवालात बीटा हा आकडा सोपेपणाचा असतो, अवघडपणाचा नाही. एक चिन्ह उलटं वाचलं की सगळ्यात सोपा प्रश्न सगळ्यात कठीण होऊन बसतो!

आणखी एक. पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्याची क्षमता किती? सरळ गणित सांगतं, अनंत. बरोबरच आहे, त्याची मर्यादा दाखवणारा प्रश्न पेपरात नव्हताच. तसंच जो प्रश्न सगळ्यांना आला, त्याच्याबद्दलही डेटा मुका असतो, सॉफ्टवेअर तो बाजूला काढून टाकतं.

पण खरी मेख पुढे आहे. चारास एकची ती जादू मॉडेल लागू असेल तरच चालते, आणि सॉफ्टवेअर तर कुठलाही कचरा दिला तरी आकडे ओकतंच. राश यांना हे पक्कं ठाऊक होतं. लष्कराच्या चाचणीचे भाग घेऊन त्यांनी जवानांचे गुणांनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटात प्रश्नांची उतरंड तशीच राहते का, हे आलेखावर पाहिलं. काही भाग पास झाले, काही नाही. जे नाही झाले, तिथे सूत्रात ठिगळ लावण्याऐवजी चाचणीतच काय बिनसलंय हे त्यांनी शोधलं. अँडरसन यांनी 1973मध्ये याच कल्पनेची रीतसर कसोटी बांधली. आज ‘ईआरएम’मध्ये ती एका ओळीत होते: कमी गुणांचा गट आडव्या अक्षावर, जास्त गुणांचा उभ्या अक्षावर, आणि सगळे प्रश्न कर्णाजवळ पडायला हवेत. ज्या प्रश्नाचा ठिपका दूर पळतो, त्याची भाषा, छपाई, पर्याय तपासायला घ्यायचे.

यावरूनच मोठं भांडण झालं. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड, अॅलन बर्नबॉम ही मंडळी म्हणत होती, की प्रश्न सारखे नसतातच. काही प्रश्न हुशार आणि कच्चा यांच्यात लख्ख फरक करतात, काही करत नाहीत, बहुपर्यायीत तर मुलं तुक्केही मारतात. मग प्रत्येक प्रश्नाला जादा आकडे द्या. डेटा जसा आहे तसा मॉडेलमध्ये बसवायचा हा एक पंथ, आणि मोजपट्टी म्हणवून घ्यायचं असेल तर चाचणीनेच मॉडेलच्या अटी पाळाव्यात हा राश यांचा. मला विचाराल तर तुक्क्यांच्या मुद्द्यावर अमेरिकनांचं म्हणणं खोडणं अवघड आहे. पण जादा आकडे घातले की माणूस सूत्रातून तितक्या सहज गायब होत नाही, आणि दोन विद्यार्थ्यांचे मार्क समान असूनही क्षमता वेगवेगळी निघते. हे तुमच्या रिझल्टच्या दिवशी होस्टेलमध्ये समजावून बघा! ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने 2000 ते 2012 राश यांच्या घराण्यातलं मॉडेल वापरलं आणि 2015पासून दुसऱ्या पंथाकडे झुकाव घेतला. वाद अजून मिटलेला नाही.

ज्या प्राध्यापकीने तरुणपणी हुलकावणी दिली, ती राश यांना साठी उलटल्यावर मिळाली. 1962मध्ये ते कोपनहेगन विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेही गणित विभागात नव्हे, सामाजिक शास्त्रांत. 1972मध्ये निवृत्त झाले. कॅटेगॅट सामुद्रधुनीत लेसो नावाचं एक छोटं बेट आहे, तिथे 19 ऑक्टोबर 1980 रोजी त्यांचं निधन झालं. वीस वर्षांपूर्वीचं त्यांचं ते पुस्तक त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने पुन्हा छापलं, बेंजामिन राइट यांच्या लेखासह.