बिअरच्या कारखान्याच्या मालकाने लोखंडाची लांबी मोजली, आज त्याच शोधातून पुलांची तब्येत कळू शकते

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूल वाहतुकीला बंद करावा लागला. पूर्णा नदीवरच्या या ब्रिटिशकालीन पुलाला तडा गेला होता. अकोटहून अकोल्याला येणाऱ्यांना लांबचा फेरा पडायला लागला. लोकांचे हाल झाले, पण तडा वेळेत दिसला हे नशीबच. महाडमध्ये तेवढंही नशीब नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि अंधारात एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या.

मग प्रश्न पडतो, पुलावर ताण आलाय हे तडा दिसायच्या आधीच कळू शकतं का?

कळू शकतं. त्यासाठी चुंबकीय धातूची एक पातळ पट्टी लागते, जिला धातूची काच म्हणतात. आणि या पट्टीची गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात. माणसाचं नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. हो, तोच. दहावीच्या विज्ञानात ज्याच्या नावाचं एकक लिहायचं विसरलं की मार्क कापले जायचे, तो ज्यूल.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमधला. बापाची मोठी ब्रुअरी होती, पैशाला कमी नव्हती. पण पोरगं लहानपणापासून अशक्त आणि पाठीच्या दुखण्याने हैराण. त्यामुळे शिक्षण घरीच झालं. १८३४ मध्ये बापाने त्याला आणि त्याच्या भावाला शिकवणीला पाठवलं. शिकवणारे होते जॉन डाल्टन, अणुसिद्धांतवाले डाल्टन. पुढे डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. ज्यूल कधीच कॉलेजात गेला नाही, ना कुठे प्राध्यापक झाला.

तो कारखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचा. तरुणपणी त्याने एका लंगड्या घोड्यातून करंट सोडून पाहिला होता, असले किस्से त्याच्याबद्दल सांगितले जातात. पण त्याच्या डोक्यात खरा विषय होता धंद्याचा. ब्रुअरीत वाफेची इंजिनं होती, कोळसा लागायचा. त्याऐवजी नव्याने आलेली विजेची मोटर वापरली तर स्वस्त पडेल का? त्याने हिशोब मांडला. बॅटरीतलं जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडत होतं. मोटरचा नाद सुटला, पण तारेतून वीज गेली की उष्णता किती तयार होते याचा नियम या उद्योगात हाती लागला. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. घरातला गीझर आणि इस्त्री आजही याच नियमावर चालतात.

आणि मग आलं १८४२ साल.

मँचेस्टरच्या एका यंत्रकारागिराच्या डोक्यात एक कल्पना होती. लोखंडाचं चुंबक केलं की त्याचा आकार बदलत असेल, तर त्यावर इंजिन चालवता येईल. ज्यूलने ते तपासायचं ठरवलं. लोखंडाच्या दांड्याभोवती तारेचं वेटोळं बसवलं आणि त्यात वीज सोडली. बदल डोळ्यांना दिसणारा नव्हताच, म्हणून तरफा लावून तो मोठा करून पाहिला. दांडा खरंच लांब झाला होता. किती? दहा लाखांत जेमतेम काही भाग. म्हणजे दांडा एक किलोमीटर लांब असता तर वाढ काही मिलिमीटरची भरली असती. इंजिनाचा विषय तिथेच संपला.

पण ज्यूल थांबला नाही. दांडा लांब झाला म्हणजे तो फुगला का, हे पाहायला त्याने दांडा पाण्याने भरलेल्या बंद नळीत ठेवला आणि वर एक बारीक नळी जोडली. त्या नळीतलं पाणी हललं नाही. म्हणजे लांबी वाढली तेवढी जाडी कमी झाली होती. १८४७ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट छापली. लोखंडाची तार जोरात ताणून धरली आणि मग चुंबक केली, तर ती लांब व्हायच्या ऐवजी आखूड होते. थोडक्यात, लोखंडावर ताण किती आहे यावर त्याचं चुंबकीय वागणं ठरतं. पुलाच्या दृष्टीने बघितलं तर सगळी गंमत इथेच आहे. १८६५ मध्ये इटलीच्या एमिलिओ विलारीने याचीच उलटी बाजू दाखवली, की लोखंड ताणलं किंवा दाबलं की त्याचं चुंबकत्व बदलतं.

ज्यूलला मात्र तेव्हा यासाठी कोणी ओळखत नव्हतं. खरं तर कशासाठीच ओळखत नव्हतं. काम आणि उष्णता ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे त्याने १८४३ मध्ये कॉर्कच्या विज्ञान सभेत सांगितलं, तर सभेत कोणी फारसं लक्षच दिलं नाही. १८४४ मध्ये पाठवलेला निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. त्याचा प्रयोग आपल्याला लगेच समजेल असा आहे. रवीने ताक घुसळावं तसं त्याने डब्यातलं पाणी पात्यांनी घुसळलं, आणि पाती फिरवायला वरून खाली येणारी वजनं वापरली. पाणी एका अंशापेक्षाही कमी तापायचं. एवढासा फरक मोजता येतो, यावरच लोकांचा विश्वास बसत नव्हता. पण ब्रुअरीत तापमान चुकलं तर सगळा माल वाया जातो. थर्मामीटर सांभाळून वाचायची सवय त्याला तिथेच लागली असावी, असं काही इतिहासकार म्हणतात. पटण्यासारखं आहे.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत विल्यम थॉमसन नावाच्या तरुण प्राध्यापकाने त्याचं म्हणणं मनावर घेतलं. हाच पुढचा लॉर्ड केल्विन. त्याच वर्षी ज्यूलचं लग्न झालं आणि हनिमूनला आल्प्समध्ये गेला असताना वाटेत थॉमसन भेटला. धबधब्याच्या खालचं पाणी वरच्यापेक्षा गरम असतं का, हे मोजायला ज्यूल तिथेही थर्मामीटर घेऊन फिरत होता, असं थॉमसन पुढे सांगायचा. किस्सा थोडा फुगवलेला असावा. दोघांनी पुढे मिळून केलेल्या प्रयोगांवर आजचं वायू थंड करण्याचं तंत्र उभं आहे.

नंतर मान मिळाला, पदकं मिळाली. पण १८५४ मध्ये बायको अमेलिया गेली आणि त्याच वर्षी ब्रुअरीही विकली. स्वतःच्या खिशातून प्रयोग करता करता पैसा आटला आणि १८७८ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंड पेन्शन दिली. ११ ऑक्टोबर १८८९ ला तो वारला. थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय. एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला किती काम लागतं, त्याचं हे त्याने काढलेलं उत्तर.

आता पट्टीकडे येऊ. साध्या लोखंडात हा बदल मोजणं अवघड, कारण त्यातले अणू स्फटिकांत बसलेले असतात. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचं उदाहरण घ्या. दुकानात रचलेली संत्री म्हणजे स्फटिक. ट्रकमधून ओतलेला ढीग म्हणजे काच. असे रचलेले लाखो छोटे ढीग एकमेकांना चिकटले की साधा धातू तयार होतो, आणि ढिगांमधल्या सीमा चुंबकत्वाला अडवतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पोल ड्युवेझ आणि सहकाऱ्यांनी वितळलेलं सोनं-सिलिकॉन सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने थंड केलं. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. ही पहिली धातूची काच. पुढे लोखंड आणि बोरॉनसारख्या मिश्रणांच्या पट्ट्या आल्या, केसापेक्षाही पातळ. सीमा नाहीत म्हणून चुंबकत्व सहज फिरतं आणि किंचित ताणानेही बदलतं.

मॉलमध्ये कपड्याला लावलेला टॅग दारात वाजतो ना, त्यातल्या एका प्रकारात हीच पट्टी असते. दाराजवळचं चुंबकीय क्षेत्र तिला ५८ हजार हर्ट्झला थरथरवतं आणि दार ते ऐकतं. पट्टीला ना बॅटरी लागते ना वायर. हीच पट्टी गर्डरला नीट चिकटवली की गर्डर ताणला तसं तिचं चुंबकत्व बदलतं आणि जवळ धरलेल्या कॉइलला ते कळतं. केबलवर उभ्या असलेल्या काही पुलांमध्ये पोलादी केबलचा ताणही याच तत्त्वावर मोजतात, फक्त तिथे केबल स्वतःच पट्टीचं काम करते.

अर्थात ही जादू नाही. सावित्रीसारखा पूर पुलाचा पायाच पोखरत असेल तर वर चिकटवलेल्या पट्टीला ते कळेलच असं नाही. डिंक सुटला तर आकडा खोटा येतो. आणि सगळ्यात मोठी अडचण तापमानाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, पूल फुगतो, पट्टीचं चुंबकत्वही बदलतं. ट्रकमुळे आलेला ताण कोणता आणि उन्हामुळे आलेला कोणता, हे वेगळं काढल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. म्हणून अशा प्रत्येक सेन्सरशेजारी एक थर्मामीटर बसवावाच लागतो.