एकसारख्या दर्शनी भिंती आणि फोर्जेट साहेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे कमिटीने सांगितले तेव्हा मला आपल्या जनरल बॉडीतला गॅलरीचा वाद आठवला. कोणी गॅलरी काचेने बंद केली, कोणी जाळी लावली, कोणी पुढे पत्रा काढला. घर माझे, तर समोरची भिंत कोणाची? हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने निकालात काढला होता. त्याचे नाव चार्ल्स फोर्जेट.

मुंबईला फोर्टात टाउन हॉलसमोर, म्हणजे आताच्या एशियाटिक लायब्ररीसमोर, हॉर्निमन सर्कल आहे. मधे सुमारे अडीच एकरांची गोल बाग आणि भोवती कमानींच्या इमारती. वर ऊन असो की पाऊस, खालून कमानीखालून चालत जाता येते. मालक वेगवेगळे, पण समोरून पाहिले तर सगळे एकच घर वाटते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मान वर करून बराच वेळ उभा होतो.

आधी तिथे मोकळे मैदान होते. त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग पडत. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि मैदानाचा उकिरडा झाला. आपल्या वऱ्हाडचा कापूसही मुंबईच्याच वाटेने विलायतेला जायचा, तेव्हा हे सर्कल आपल्याला अगदीच परके नाही.

फोर्जेट हिंदुस्थानातच जन्मला आणि इथल्या भाषा अस्खलित बोलायचा. 1855 मध्ये तो मुंबईच्या पोलिसांचा मुख्य झाला. वेष पालटून वस्तीत फिरायची त्याला सवय होती. 1857 साली सोनापूरच्या एका घरात शिपायांच्या गुप्त बैठका चालत. त्याने भिंतीला भोके पाडून त्या ऐकल्या. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना 15 ऑक्टोबरला, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, लोकांसमोर तोफेच्या तोंडी दिले. हे वगळून त्याच्या इमारतींचे कौतुक करणे मला जमत नाही. शहर वाचवले म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला थैल्या दिल्या, पण त्या दोघांच्या घरी काय झाले असेल?

तोच माणूस पुढे म्युनिसिपालिटीच्या कामात शिरला आणि उकिरड्याच्या जागी गोल चौक करायची कल्पना त्याने मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ती उचलून धरली, नंतर सर बार्टल फ्रियर यांनी. युक्ती साधीच होती. म्युनिसिपालिटीने सगळी जागा आधी स्वतः घ्यायची, मग तिचे प्लॉट पाडून विकायचे. मात्र बांधायचे ठरलेल्या नमुन्यातच, दर्शनी बाजू सगळ्यांची सारखी. आत कोणी कशी खोली काढायची ते ज्याचे त्याने पाहावे. अमेरिकेत युद्ध पेटल्याने कापसाचा भाव चढला होता, मुंबईत पैसा वाहत होता. प्लॉट इंग्रज व्यापारी कंपन्यांनी घेतले आणि म्युनिसिपालिटीला वर नफाही झाला. विलायतेत बाथ वगैरे गावांत अशा अर्धगोल घरांच्या ओळी आधीपासून होत्या, नमुना तिकडचाच.

1865 मध्ये कापसाचा फुगा फुटला, बँका बुडाल्या, पण सर्कल काही अर्धवट राहिले नाही. 1869 मध्ये बागेचे काम सुरू झाले आणि 1872 मध्ये पुरे झाले. तोवर साहेब नोकरी सोडून विलायतेला गेला होता. 1890 मध्ये तो वारला.

माझे मत विचाराल तर त्याच्या अटीतली अर्धीच आपण घ्यावी. समोरची बाजू सोसायटीची, आतली ज्याची त्याची. पण ती अट तिथे प्लॉट विकण्याआधी घातली होती. आपण पंचवीस वर्षांनी घालायला निघालो, तर ज्यांनी आधीच खर्च केला त्यांचे काय करायचे, तेही त्याच सभेत ठरवावे लागेल.

सर्कलला नाव एल्फिन्स्टनचे मिळाले होते. स्वातंत्र्यानंतर ते बी. जी. हॉर्निमन यांचे झाले. बॉम्बे क्रॉनिकलचे हे इंग्रज संपादक आपल्या बाजूने लिहायचे, म्हणून 1919 मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढले होते. फोर्जेटच्या नावाचा रस्ता मात्र ताडदेवला आहे, सर्कलपासून बराच लांब.